एका बाजूचे दागिने

माझे आजोबा, आईचे वडील, आयुष्यभर खोटे दागिने बनवत होते. आमच्या घरात हे हळू आवाजात सांगायची पद्धत होती. कुणी विचारलंच तर आई म्हणायची, "दागिन्यांच्या लाइनमध्ये होते." समोरचा माणूस सराफ समजायचा आणि आई त्याला तसं समजू द्यायची. मला या प्रकाराची लहानपणापासून चीड आहे. ज्याच्या मुकुटाशिवाय जुन्या सिनेमातला एकही राजा सिंहासनावर बसला नसता, त्या माणसाला त्याच्याच घरात लपवायचं? म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. खोटे दागिने. सिनेमाचे. पौराणिक, ऐतिहासिक, आधी काळेपांढरे आणि मग रंगीत.

गिरगावातल्या एका माळ्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे सात-आठ कारागीर, एक शेगडी आणि चिंचोक्याच्या खळीचा वास. ती खळ पुठ्ठ्याला लावायची, त्यावर कापड, त्यावर बेगड, मग काचेचे खडे. झाला राजमुकुट. माळा बंद पडल्यावर आजोबा डोंबिवली पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये स्थिर झाले. बाबा गेल्यानंतर आई आणि मीही तिथेच राहायला आलो. ग्रिल लावलेल्या बाल्कनीत त्यांचा पाट, चिमटे आणि खड्यांच्या बरण्या अजून आहेत. गॅदरिंगच्या मोसमात आसपासच्या शाळांच्या बाई त्यांच्याकडे यायच्या, रावणाची दहा डोकी सांभाळणारा मुकुट मागायला.

आजोबा नम्र वगैरे अजिबात नाहीत. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ते खुर्ची पुढे ओढतात आणि नायिकेला हुकूम सोडतात, "मान वळव. अगं, मान वळव ना, कानातलं दिसू दे." गोष्ट काय चाललीय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. नायक-नायिकेची गळाभेट झाली की ते वैतागतात, कारण हार दिसायचा बंद होतो. खलनायक मात्र त्यांना आवडतो. तो नायिकेला मिठी मारत नाही, लांबून हसतो, आणि तेवढा वेळ कॅमेरा तिच्या गळ्यावर थांबतो.

त्यांच्याकडून मी जे ऐकलंय ते कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. काळ्यापांढऱ्या सिनेमात लाल खडा बसवला तर पडद्यावर ढेकूण बसल्यासारखा दिसतो, म्हणून राणीच्या गळ्यातली माणकं पिवळी असायची आणि पाचू फिकट गुलाबी. प्रत्यक्षात ती राणी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीसारखी दिसायची. पडद्यावर साम्राज्ञी. खडे फार चमकले तर दिव्यांच्या उजेडात नुसते पांढरे डाग उठतात, म्हणून त्यांच्यावर साबण घासायचा. घुंगरात कापूस कोंबायचा, नाहीतर नायिकेच्या संवादापेक्षा पाय जास्त बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दागिना एकाच बाजूने बनवायचा. मोठ्या नट्यांची आपली एक ठरलेली बाजू असायची. कॅमेरा तिकडेच. मग सगळं कसब त्या बाजूला आणि दुसरीकडे पुठ्ठा उघडाच. नुसतं काम वाढवायचं कशाला?

सिनेमा संपला की दागिने परत यायचे आणि मोडले जायचे. खडे उपटून बरणीत, पितळी पत्रा सरळ करून पुढच्या कामाला. एका राणीचा कंबरपट्टा पुढे देवीचा मुकुट झाला, मग एका सरदाराच्या घोड्याच्या कपाळावर गेला. त्यामुळे आजोबांच्या इतक्या वर्षांच्या कामातलं आज हातात धरता येईल असं काहीही शिल्लक नाही. पाट्या पडताना पडद्यावर ज्या दुकानातून माल जायचा त्या दुकानाचं नाव यायचं. कारागिरांचं कधीच नाही. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायला नुकतीच लागलेले. मी त्याच दिवशी एक सणसणीत पत्रक लिहून काढलं आणि आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "चांगलंय. पण हे गळ्यात कोण घालणार?"

त्यांचं दुखणं ते होतं, आणि ते आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, इतक्या वेळा त्यांनी ते बोलून दाखवलेलं. त्यांना पाटीवर नाव नको होतं. त्यांना आपल्या हातचा दागिना आपल्या घरातल्या बाईच्या अंगावर बघायचा होता. खऱ्या लग्नात. शूटिंगच्या वेळी कारागिराला आत सोडत नसत. फाटकावर पेटी द्यायची आणि घरी जायचं. मग काही महिन्यांनी तिकीट काढून, मागच्या रांगेत बसून, आपलाच हार बघायचा. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आजीसाठी एक सेट बनवला. आजी म्हणाली, खोटं अंगाला लावून बोहल्यावर चढत नसतात. पुढे आईच्या लग्नात परत बनवला. आईने शेजारणीचं खरं सोनं उसनं आणून घातलं. दोन्ही सेट मोडले. आता उरले होते फक्त मी.

आणि मी तर दागिनेच घालत नाही.

याचं कारण साधं आहे. लग्नातल्या सोन्यापायी मी माझ्या ओळखीतल्या मुलींची किती घरं हलताना पाहिलीत ते इथे सांगत बसत नाही. 'सोनं नको, सन्मान हवा' हे पत्रक माझं आहे, आणि त्यातल्या एकाही शब्दावरून मी आजही मागे हटलेले नाही. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही ते डोंबिवली पूर्वेच्या सराफी दुकानांसमोर उभं राहून वाटतो. दरवर्षी कुठला तरी वॉचमन हाकलतो. एका दुकानदाराने बाहेर येऊन पत्रक वाचलं, मान डोलावली आणि मलाच घडणावळीवर सूट देऊ केली. असल्या लोकांशी लढायचंय आम्हाला.

तर माझं लग्न ठरलं. नोंदणी पद्धतीने, ठाण्यात, साध्या सुती साडीत, अंगावर काहीही नाही. मुलगा आमच्याच पत्रकं वाटणाऱ्यांतला, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता त्याच्या आईचा. त्याचं घर डोंबिवलीला लागून असलेल्या कोपर गावातलं, मूळचं इथलंच. आजे-पणजे मिठागरात राबले, शेती केली, आता त्या जमिनीवर बिल्डिंगी आहेत. माझ्या सासूबाई कुणाच्या हळदीला निघाल्या की हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत सोन्याने पिवळ्या असतात. मी त्यांना माझी भूमिका समजावून सांगितली. त्यांनी मला चहा दिला, माझं सगळं ऐकलं, आणि सांगितलं की कोर्टात लग्न करा, जेवणात मटण नको तर नको, पण एक गोष्ट चालायची नाही. "गला मोकला ठेवून यायचा नाय. माझ्या घरात काय कमी हाय काय? लोकं मना काय बोलतील?" त्या स्वतः हार घेऊन येणार होत्या आणि सही व्हायच्या आधी माझ्या गळ्यात घालणार होत्या. मी नाही म्हटलं. त्या हो म्हणाल्या. आम्ही दोघींनी अजून एकेक चहा घेतला आणि तिथेच थांबलो.

घरी येऊन मी आजोबांसमोर तणतणले. ते बरणीतले खडे निवडत होते. म्हणाले, "मग माझा घाल." मी म्हटलं, मी दागिन्यांच्या विरोधात आहे. ते म्हणाले, "तू सोन्याच्या विरोधात आहेस. माझ्यात सोनं कुठाय?"

त्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते आजोबांना अपेक्षित नव्हतं. मोकळा गळा घेऊन गेले तर लोक फार तर कीव करणार. पण धडधडीत खोटा, मोठा, पुठ्ठ्याचा हार घालून गेले तर? सोन्याने मढलेल्या त्या सगळ्या बायकांसमोर, "हो, खोटा आहे" असं मोठ्याने सांगितलं तर? याहून चांगलं पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. मी हे सगळं आजोबांना जोशात सांगितलं.

"कारण तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "मान इकडे कर, माप घेऊ दे."

पुढचा महिना आमच्या बाल्कनीत मजा होती. खळ शिजायला लागली आणि वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की वास कसला. आजोबा पहाटे उठायचे, दुपारी झोपायचे नाहीत, जेवताना बोटांना बेगड चिकटलेली असायची आणि वरणात चकचकीत कण तरंगायचे. मला कळलं तेव्हा मुकुटाचा पुठ्ठा कापून झाला होता. मी म्हटलं, मुकुट नाही. ते म्हणाले, लहानसा. मी म्हटलं, कंबरपट्टाही नाही. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी हार, नथ, कानातली आणि एक बाजूबंद यावर तोडगा निघाला. आई या सगळ्यातून लांब राहिली होती. पण एकदा मी खोलीत गेले तर ती पाटाजवळ बसून सुईत दोरा ओवून देत होती आणि आजोबा तिला ओरडत होते की गाठ मोठी मारतेस.

नोटीस द्यायला आम्ही ठाण्याला गेलो तेव्हा आजोबा हट्टाने बरोबर आले. साक्षीदारांपैकी एक तेच असणार होते, म्हणून मला वाटलं कागद बघायला येतायत. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. ते खोलीच्या मधोमध उभे राहून खिडकीकडे, मग छताकडे, मग भिंतीकडे बघत राहिले. शिपायाला विचारलं, साधारण किती वाजता ऊन आत येतं? शिपायाला वाटलं लाइटच्या तक्रारीवर कुणी आलंय, त्याने सांगितलं की मीटर खाली आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आजोबांनी पेटी उघडली. हार रुंद, सात पदरी, पिवळ्या आणि हिरव्या खड्यांचा, आणि साबणाचा हात फिरवल्यामुळे सगळ्यावर एक जुनाट, मऊ झळाळी. डाव्या कानातलं खांद्यापर्यंत उतरणारं, मोर आणि त्याच्या पिसाऱ्यात बारीक मणी. नथ घातली. मग मी उजवं कानातलं उचललं. ती पुठ्ठ्याची गोल चकती होती. नुसती. हार पेटीतून काढून पूर्ण उलगडला तर मध्यापासून उजवीकडे बेगडही नव्हती, कापडावर खळीचे हात दिसत होते.

मी विचारलं, "आजोबा, हे दुसरं कानातलं?"

"ते कशाला?" ते म्हणाले. "तिकडे भिंत आहे."

मग त्यांनी समजावलं. ठाण्याच्या त्या खोलीत अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभं राहिलं की डावीकडे खिडकी आणि मोकळी जागा. फोटोवाला तिथेच उभा राहणार, बघणारे सगळे तिथेच. उजवीकडे भिंत आणि कपाट. तिकडून तुला बघणार कोण, पाल? आई कपाळाला हात लावून पलंगावर बसली आणि हसायला लागली. इतक्या वर्षांत आजोबांच्या दागिन्यांवरून मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते.

ठाण्याला पोचलो. जिन्याशी सासूबाई उभ्या होत्या, पुतण्या-भाच्यांसकट, पर्स छातीशी धरून. पर्समध्ये तो हार होता हे मला माहीत होतं. मी आयुष्यभराच्या सरावाने छाती पुढे काढली आणि मोठ्याने काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ह्यो किती तोल्याचा?"

आजोबांनी माझी डावी बाजू त्यांच्याकडे वळवली आणि माझ्या आधी तेच बोलले. "बाई, तोळ्यात नका विचारू. लांबून बघायचा असतो. जरा मागे व्हा. अजून. अजून मागे."

मी मनात म्हटलं, ही बाई कसली ऐकतेय. पण त्या खरोखरच मागे मागे गेल्या, पार पॅसेजच्या टोकाशी, स्टँपपेपरवाल्याच्या टेबलाला टेकल्या, आणि तिथून त्यांनी मला बघितलं. बराच वेळ. मग सरळ चालत आल्या, हार हातावर घेतला आणि बायका सोनं तोलतात तसा तळहातावर झुलवला. त्याला काही वजनच नव्हतं. त्या हसायला लागल्या ते थांबेनात. अंगावरचं सगळं सोनं वाजत होतं. "पुट्टा हाय गो, पुट्टा," त्या भाच्यांना सांगत सुटल्या. "आन् लांबून बघा कशी राणी." त्यांनी आपली पर्स मुलाच्या हातात कोंबली आणि नीट सांभाळ म्हणून बजावलं. आतल्या हाराचं नावही काढलं नाही. माझं सगळं आंदोलन तिथेच फुकट गेलं. धिक्काराचे जे दोन-चार शब्द मी तयार करून आणले होते ते अजून माझ्याकडे पडून आहेत.

आमचा पुकारा झाला. आत गेलो, तर शिपाई म्हणाला, इकडे नाही, बाजूच्या खोलीत. या खोलीचं छत गळतंय.

बाजूची खोली तशीच होती, फक्त उलटी. टेबलासमोर उभं राहिलं की डावीकडे, अगदी खांद्याला लागेल इतक्या जवळ, भिंत. खिडकी आणि मोकळी जागा उजवीकडे. आमचा फोटो काढणारा मित्र आपसूक उजवीकडे जाऊन उभा राहिला. सगळे नातेवाईकही. आणि त्यांच्यासमोर होती माझी पुठ्ठ्याची चकती आणि कापडाचा अर्धा हार.

आजोबा दारातच थांबले. त्यांनी खोली बघितली आणि रिकामी पेटी पोटाशी धरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "आज रद्द. पुढच्या आठवड्यात घेऊ." ते चेष्टा करत नव्हते. मी म्हटलं, आपण सही करू आणि मग बाहेर, झाडाखाली, डाव्या बाजूने हवे तेवढे फोटो काढू. त्यांनी मान हलवली.

"फोटो मी जन्मभर बघितले," ते म्हणाले. "लग्न लागताना घातलेला बघायचाय मला."

मी त्यांच्या शेजारी बसले. पत्रकात सुचतं, बाकावर सुचत नाही. सासूबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या वळल्या, आत गेल्या आणि अधिकारी बाईंना म्हणाल्या, "म्याडम, तुमी जरा इकरं या बसाला. पोरांना तिकरं उभी करू."

अधिकारी बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या म्हणाल्या की असं करता येत नाही, ही अधिकाऱ्याची जागा आहे. इथे मी पुढे झाले, कारण हे माझं क्षेत्र. मी विचारलं, विवाह अधिकाऱ्याने टेबलाच्या कुठल्या बाजूला बसावं हे कायद्यात कुठे लिहिलंय? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कदाचित त्यांनी मला पूर्वी निवेदनं घेऊन येताना बघितलं असावं. पण त्यांचं मन माझ्या कायद्याने वळलं नाही. सासूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना माझ्यापासून लांब नेलं, खिडकीशी उभं केलं आणि मला भिंतीकडून वळायला सांगितलं. मी वळले. मोर त्यांच्या बाजूला आला.

"अगं बाई," अधिकारी म्हणाल्या. त्यांनी आपली फाइल उचलली, टेबलाला वळसा घातला आणि पब्लिकच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

आम्ही दोघं टेबलाच्या पलीकडे गेलो. मागे नकाशा, वर पंखा, समोर आख्खी खोली. इतकी वर्षं मी अशा टेबलांच्या अलीकडे उभी राहून भांडले आहे आणि पलीकडून जग कसं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. प्रशस्त दिसतं. आता माझी डावी बाजू खिडकीकडे होती. आजोबा दारातून आत आले. त्यांनी मित्राला हाताने एक पाऊल मागे सारलं, मला हनुवटी उचलायची खूण केली आणि मग खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आम्ही शपथ घेतली. सह्या केल्या. साक्षीदारांचा पुकारा झाला तेव्हा आजोबा हलले नाहीत. अधिकारी बाईंनी परत हाक मारली. आईने कोपराने ढोसलं. "थांबा जरा," ते म्हणाले, "बघतोय मी." सगळी खोली थांबली. सरकारी कार्यालयात आजवर कुणाला इतका वेळ मिळाला असेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी येऊन सही केली, आणि तीही वाकून माझ्यासमोर सावली पडणार नाही अशी, बाजूने हात लांब करून.

जेवण डोंबिवलीत, एका लहान हॉलमध्ये होतं. सासूबाईंच्या पुतण्याच्या गाडीतून निघालो आणि मुंब्र्याच्या पुढे एसी बंद पडला. वैशाखातलं ऊन. मी घामाने निथळत होते आणि चिंचोक्याची खळ घामाला टिकत नाही. हॉलच्या पायरीवर पहिला खडा पडला. मग बसल्या पंगतीत एक, वाढताना दोन. मोराची शेपूट मठ्ठ्यात गेली. भाच्या टेबलाखाली शिरून मणी गोळा करायला लागल्या आणि सासूबाईंना बटाट्याच्या भाजीत पाचू सापडला. त्यांनी तो पुसून ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवला.

आई लगबगीने पर्समधून चिकटवायचं काहीतरी काढून उठली. आजोबा तिसरी जिलबी खात होते. शूटिंगला नट्या 'कट' म्हटलं की हार काढून फेकायच्या, टोचतो म्हणायच्या, हे फाटकावर ऐकलेलं त्यांनी शेजारच्या व्याह्यांना नुकतंच सांगितलं होतं. आईला त्यांनी हात धरून खाली बसवलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "घातलाय म्हणून पडतोय."